कॉलेजच्या कादंबऱ्या: कोणती घ्यावी, कोणती सोडावी

कॉलेजवरची कादंबरी विकत घेण्याआधी तिची एक साधी तपासणी करता येते. गोष्टीतलं कॉलेज काढून तिथे एखादं ऑफिस किंवा हाउसिंग सोसायटी ठेवून बघायची. गोष्ट तशीच चालली, तर ती कॉलेजची कादंबरी नाही, नुसती प्रेमकथा आहे. कॉलेज फक्त मागच्या पडद्यावर रंगवलेलं आहे. पण हजेरीचा नियम, निकालाची पद्धत, फी, हॉस्टेलची खोली यांतली एखादी गोष्ट काढल्याबरोबर सगळं कथानक ढासळत असेल, तर ते पुस्तक घ्यायला हरकत नाही.

दुसरी तपासणी पैशाची. मुलाला महिन्याचे पैसे कुठून येतात, किती येतात आणि कधी संपतात, हे पहिल्या पन्नासेक पानांत कळायला हवं. घरापासून लांब राहणाऱ्याच्या डोक्यात हा हिशेब सतत चालू असतो: मेसचं बिल, परीक्षेच्या फॉर्मची लेट फी, झेरॉक्स, दिवाळीला घरी जायचं तिकीट. ज्या कादंबरीतली मुलं रोज कॅफेत बसतात आणि बिल कोण भरतं हे कधीच येत नाही, तिथली माणसंही कागदावरच राहतात. या दोन तपासण्या लावून गेल्या वीस-बावीस वर्षांतली गाजलेली आणि न गाजलेली पुस्तकं बघितली, तर नेहमीच्या यादीपेक्षा बरंच वेगळं चित्र दिसतं.

सुरुवात चेतन भगत यांच्या ‘फाइव्ह पॉइंट समवन’पासूनच करावी लागते. २००४ मध्ये आलेली ही कादंबरी अवघ्या ९५ रुपयांना होती, आणि त्या किमतीमुळे इंग्रजी कादंबरी कधी विकत न घेतलेल्या हजारो मुलांच्या हातात ती गेली. साहित्याच्या वर्तुळात तिला नाक मुरडण्याची पद्धत पडली आहे. ते योग्य नाही, कारण वरच्या दोन्ही तपासण्यांत ती चांगल्या मार्कांनी पास होते. हरी, रायन आणि आलोक हे दिल्ली आयआयटीत मेकॅनिकलला आहेत. तिथे सापेक्ष ग्रेडिंग आहे, म्हणजे शंभरपैकी किती मिळाले यापेक्षा वर्गाच्या सरासरीच्या मानाने तुम्ही कुठे आहात यावर ग्रेड ठरते. सत्तर मिळाले आणि वर्गाची सरासरी ऐंशी असली, तर ते सत्तर कुठेच मोजले जात नाहीत. शेजारी बसलेला मित्र जास्त शिकला की तुमची ग्रेड खाली जाते. या एका नियमातून कादंबरीतली जवळजवळ प्रत्येक घटना निघते. पहिल्या परीक्षांनंतर तिघांची सरासरी दहापैकी पाचाच्या घरात अडकते आणि पुढे कितीही चांगले मार्क मिळाले तरी ती हळूहळूच वर सरकते, कारण जुन्या सेमिस्टरचं ओझं प्रत्येक बेरजेत असतं. कमी सरासरी म्हणजे कंपन्यांच्या मुलाखतीला बसण्याआधीच नाव गळणं. आलोकच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, लग्नाची बहीण आहे, सगळा भार शिक्षिका असलेल्या आईच्या पगारावर आहे. त्यामुळे त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे घराचं भवितव्य असतो. पेपर चोरण्याचा वेडा बेत याच साखळीच्या शेवटी येतो आणि म्हणून तो पटतो. तोंडी परीक्षेत हरीची वाचा बसणं हेही फार खरं उतरलं आहे. उत्तर येत असूनही परीक्षकासमोर घसा कोरडा पडणारा मुलगा दर वर्गात असतो.

बिघडतं ते शेवटाला. तीनशेच्या आतल्या पानांत लेखकाने व्यवस्थेविरुद्ध मोठा खटला उभा केलेला असतो, पण निकाल लावतो तो एका माणसाच्या मनपरिवर्तनातून. प्राध्यापक चेरियन यांच्या घरातली जुनी शोकांतिका उघड होते, ते विरघळतात, आणि ग्रेडिंगचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. नेहा हे पात्रही याच कारणाने अर्धवट राहतं. ती चेरियन यांची मुलगी आहे, हे तिचं कथेतलं मुख्य काम. ती स्वतः काय शिकते, तिला काय व्हायचं आहे, याला जागा फार कमी. आणखी एक मोठी पोकळी आहे. २००४ मध्ये आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी साडेबावीस टक्के जागा राखीव होत्या. वसतिगृहात, ग्रेडच्या चर्चेत, कोण कोणाबरोबर जेवायला बसतं यात ही गोष्ट रोज असणार. तिन्ही नायकांच्या जगात तिची सावलीही पडत नाही. तरीही सोळा-सतरा वर्षांच्या, अभियांत्रिकीकडे निघालेल्या मुलाला एकच पुस्तक द्यायचं असेल, तर हे द्यावं. तीन दिवसांत वाचून होतं, आणि ‘प्रवेश मिळाला की सुटलो’ हा समज मोडतं.

याच लेखकाची ‘रेव्होल्यूशन २०२०’ (२०११) कमी वाखाणली गेली, पण माझ्या मते कॉलेज या धंद्याबद्दल तिच्याइतकं सरळ बोलणारी लोकप्रिय कादंबरी दुसरी नाही. वाराणसीचा गोपाल एआयईईई या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मागे पडतो (२०१३ पासून तिची जागा जेईई मेनने घेतली), राजस्थानातल्या कोट्याला क्लासला जातो, तिथेही जमत नाही. मग ज्याला कॉलेजात प्रवेश मिळाला नाही तोच मुलगा एका आमदाराच्या पैशावर स्वतःचं इंजिनिअरिंग कॉलेज काढतो. इथून पुढची पानं मन लावून वाचावीत. भाऊबंदकीत अडकलेली शेतजमीन मोकळी कशी होते, शिक्षणसंस्था नफ्यासाठी चालवता येत नसल्याने ट्रस्ट कसा उभा राहतो आणि त्या ट्रस्टमधून रोख पैसा बाहेर कसा येतो, मान्यतेसाठी येणाऱ्या तपासणी समितीची सरबराई कशी होते, हे सगळं कथेच्या ओघात येतं. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजं कशी उगवली हे ज्यांनी जवळून बघितलं आहे, त्यांना वाराणसीचं हे वर्णन परकं वाटणार नाही. कोट्याच्या भागात क्लासचा खर्च, मेसचं जेवण आणि घरी गहाण पडत चाललेलं आयुष्य यांची सांगड नीट आहे. वडील-मुलाचं नातं तर भगत यांच्या सगळ्या लेखनात इथेच सर्वात खरं आलं आहे. प्रेमाचा त्रिकोण मात्र कच्चा. आरती दोन पुरुषांमध्ये कथानकाच्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाते, आणि शेवटी गोपालने केलेला त्याग लेखकाने योजल्याइतका मोठा वाटत नाही. त्रिकोणाची पानं भरभर उलटली तरी पुस्तकाचं मोल कमी होत नाही.

‘हाफ गर्लफ्रेंड’ (२०१४) मात्र सोडून द्यावी. विषय फार मोलाचा होता: बिहारमधल्या डुमरावचा माधव झा खेळाच्या कोट्यातून सेंट स्टीफन्समध्ये येतो, आणि इंग्रजी येत नसल्यामुळे वर्गात, कट्ट्यावर, प्रेमात, सगळीकडे तो अर्ध्यावर थांबतो. तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आलेल्या प्रत्येकाला हे दुखणं ठाऊक आहे. पण कादंबरी पुढे कॉलेज सोडून गावची शाळा, परदेशी पाहुण्यासमोरचं भाषण आणि न्यूयॉर्कमधला शोध अशी भटकते, आणि पहिली तपासणी तिथेच नापास होते. शिवाय मुलीने स्पष्ट नकार दिल्यावर माधव जे वागतो त्याकडे पुस्तक फार सौम्य नजरेने बघतं. ते तरुण वाचकाच्या हातात देताना खटकतं.

भगत यांच्या यशानंतर इंग्रजीत कॉलेज-रोमान्सची जी लाट आली, तिच्यावर वेगळं लिहिण्यासारखं फार नाही. पुस्तक चाळताना तीन खुणा बघाव्यात. नायक पहिल्या पुरुषात बोलतो आणि कोणत्या शाखेत शिकतो हे कळूनही त्या शाखेतली एकही गोष्ट गोष्टीत येत नाही. नायिकेची ओळख तिच्या रूपाने होते आणि विषय, गाव, घर यांनी होतच नाही. आणि शेवटच्या तीस पानांत कोणाचा तरी अपघात किंवा दुर्धर आजार येतो. तिन्ही खुणा दिसल्या तर पैसे वाचवावेत. अपघात का येतो याचं कारणही साधं आहे: परीक्षा, पैसा, घर, जात यांपैकी कशाचाच ताण आधी बांधलेला नसतो, त्यामुळे शेवटी रडवायला मरणाशिवाय काही हाताशी उरत नाही.

त्याच दिल्ली आयआयटीवरची, पण फार कमी लोकांनी वाचलेली कादंबरी म्हणजे अमिताभ बागची यांची ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’ (२००७). बागची तिथेच कॉम्प्युटर सायन्स शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले, आणि २०१९ मध्ये ‘हाफ द नाइट इज गॉन’साठी त्यांना दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा डीएससी पुरस्कार मिळाला. मयूर विहारच्या मध्यमवर्गीय बंगाली घरातला अरिंदम हुशार आहे, पण आपण नेमके किती हुशार आहोत हा प्रश्न त्याला कुरतडत राहतो. आयआयटीत शिरलेला प्रत्येक मुलगा आपल्या शाळेत पहिला असतो, आणि पहिल्या सत्रात त्यातल्या बहुतेकांना कळतं की आता आपण पहिले नाही. हा धक्का ‘फाइव्ह पॉइंट समवन’मध्ये विनोदाने येतो, इथे तो सावकाश, पानापानांतून मुरत जातो. शिवाय वसाहतीतली जी मुलं आयआयटीत पोचली नाहीत, त्यांना या पुस्तकात खरी जागा आहे. यशाची गोष्ट सांगताना मागे राहिलेल्यांकडे इतक्या आदराने बघणारं लेखन विरळा. अडचण एकच: कथानक सरळ रेषेत जात नाही, काळ मागे-पुढे होतो. पटकन गुंगवणारं पुस्तक हवं असेल तर हे नाही. नोकरीला लागून पाच-सात वर्षं झालेल्या वाचकाला ते जास्त भिडेल.

सिद्धार्थ चौधरी यांच्या ‘डे स्कॉलर’ (२०१०) मध्ये पाटण्याहून आलेला हृदय ठाकूर दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराजवळ एका दादा प्रॉपर्टी दलालाच्या इमारतीत राहतो. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं नाही की मुलगा खासगी खोलीत जातो आणि मग घरमालकच त्याचा खरा कुलगुरू होतो, हे या छोट्या कादंबरीइतकं उघडपणे कोणी लिहिलेलं नाही. भाषा रांगडी आहे, काही प्रसंग भडक आहेत. शाळकरी मुलांसाठी नाही.

मुंबईकडे वळताना आधी एक फरक लक्षात घ्यावा. उत्तर भारतात अकरावी-बारावी बहुधा शाळेतच होते, त्यामुळे तिथली कॉलेजची कादंबरी अठराव्या वर्षी सुरू होते. महाराष्ट्रात दहावी झाली की मूल थेट कॉलेजात जातं. गणवेश सुटतो, लोकलचा पास हातात येतो, आणि वय असतं पंधरा. जेरी पिंटो यांची ‘द एज्युकेशन ऑफ युरी’ (२०२२) याच वळणावर उघडते. १९८० च्या दशकातली मुंबई, माहीमला राहणारा, आईवडील नसलेला युरी फोन्सेका, त्याला वाढवणारे तियो जूलिओ, आणि एल्फिन्स्टन कॉलेज. पंधरा वर्षांचा मुलगा अचानक मोठ्यांच्या इमारतीत शिरतो आणि काय वाचावं, कोणाशी मैत्री करावी, कशावर विश्वास ठेवावा हे त्याला कोणीच सांगत नाही. मुझम्मिलशी झालेली मैत्री, कवितेचं वेड, डाव्या राजकारणाचं आकर्षण, शरीराबद्दलची लाज, हे सगळं एकाच वेळी त्याच्यावर येतं. त्या वयात ते तसंच येतं.

या पुस्तकात कॉलेज किती जिवंत आहे बघा. वर्गापेक्षा वर्गाबाहेरचं शिक्षण जास्त आहे, पण ते बाहेरचं शिक्षण कॉलेजमुळेच शक्य होतं: काळा घोड्याची जागा, पायी जाता येतील अशी ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं, दोन तासांच्या मधली मोकळी वेळ. हेच कॉलेज उपनगरात असतं तर युरीचं शिक्षण वेगळं झालं असतं. पैशाच्या तपासणीतही कादंबरी उत्तम उतरते. कोणाच्या खिशात किती आहे, कोण कोणाला चहा पाजू शकतो, कोण टॅक्सीने जातो आणि कोण बसची वाट बघतो, यांतून मैत्रीचे उंचवटे-खळगे कळत जातात. उणीव सांगायची तर मध्यभागी पसारा वाढतो. युरी जे जे वाचतो, ऐकतो, ते सगळं आत घेण्याचा मोह लेखकाला आवरलेला नाही, आणि इंग्रजी कवितेची ओळख नसलेल्या वाचकाला काही पानं बाहेर उभं राहिल्यासारखी वाटतील. त्या पानांत अडकून न बसता पुढे जावं. मैत्रीची मुख्य गोष्ट त्यामुळे सुटत नाही. मुंबईत शिकलेल्या कोणालाही भेट द्यायला यापेक्षा चांगली कॉलेज-कादंबरी सध्या तरी मला दिसत नाही.

तिच्याबरोबर अंजली जोसेफ यांची ‘सरस्वती पार्क’ (२०१०) वाचावी. आवाजाने हळू असलेलं पुस्तक आहे. एकोणीस वर्षांचा आशिष हजेरी कमी भरल्यामुळे शेवटचं वर्ष पुन्हा करतो, आणि त्या वर्षासाठी मोहन आणि लक्ष्मी या नातेवाइकांच्या उपनगरातल्या घरी राहायला येतो. मोहन हा जीपीओबाहेर बसून लोकांची पत्रं, मनीऑर्डरी, फॉर्म लिहून देणारा माणूस. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम मुंबईतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. टर्मच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागते, पालकांना बोलावणं जातं, मेडिकल सर्टिफिकेटांची धावपळ होते. पण या नियमावर आख्खी कादंबरी तोलून धरणारं पुस्तक हे एकच आठवतं. वर्ष वाया गेलेल्या मुलाचा दिवस कसा असतो? मित्र पुढे गेलेले, वर्गात नवे चेहरे, घरी कोणी रागावत नाही आणि म्हणूनच जास्त लाज. या रिकाम्या वेळातच आशिषचं एका वर्गमित्राशी आणि पुढे त्याला शिकवणाऱ्या मोठ्या वयाच्या माणसाशी नातं तयार होतं. पुरुषांमधलं प्रेम इथे वादाचा विषय म्हणून येत नाही. ते त्या मुलाच्या वर्षाचा एक भाग आहे, जसा अभ्यास आहे, जशी मामुली भांडणं आहेत. वेगवान घटना हव्या असलेल्यांनी इकडे वळू नये.

हिंदीत या विषयावर गेल्या दहा-बारा वर्षांत भरपूर लिहिलं गेलं, आणि मराठी वाचकाला ते अनुवादाशिवाय वाचता येतं, हा मोठा फायदा. निलोत्पल मृणाल यांची ‘डार्क हॉर्स’ (२०१५) कॉलेज संपल्यावरच्या कॉलेजची गोष्ट आहे. तिला २०१६ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. भागलपूरचा संतोष यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीच्या मुखर्जी नगरात येतो. या परीक्षेची रचनाच कादंबरीला आकार देते: पूर्व, मुख्य, मुलाखत, आणि कुठल्याही टप्प्यावर घसरलात की पुन्हा पहिल्या पायरीपासून. त्यामुळे काळ पुढे जात नाही, तो गोल फिरतो. पुन्हा जून, पुन्हा नवे नोट्स, पुन्हा घरून पैसे. वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले, सगळ्यांना सल्ला देणारे आणि स्वतः कधीच न निघालेले सीनिअर हे या पुस्तकाचं सर्वात मोठं यश. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेतल्या खुर्चीचे पैसे भरून एमपीएससी करणाऱ्यांना यातलं एकेक वाक्य ओळखीचं वाटेल. स्त्री पात्रं मात्र इथेही मुलांच्या नजरेतूनच दिसतात, आणि शेवटाची दिशा नावातच कळून जाते. तरी घ्यावं, आणि तयारी करणाऱ्याने पहिल्या वर्षीच वाचावं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ते फार लागतं.

सत्य व्यास यांची ‘बनारस टॉकीज’ (२०१५) बनारस हिंदू विद्यापीठातल्या कायदा शिकणाऱ्या मुलांच्या हॉस्टेलची. पूर्वार्धातले संवाद हेच तिचं भांडवल. बनारसी बोलीचा ठसका, टोपणनावं, परीक्षेआधीची रात्र, क्रिकेट, हे सगळं मोठ्याने वाचून दाखवावं असं. उत्तरार्धात कथा रहस्याकडे झुकते आणि हॉस्टेलचं जग मागे पडतं. शंभरेक पानांपर्यंत मिळतो तो आनंद पूर्ण, पुढचं कथानक कामापुरतं. हे मूळ हिंदीतच वाचावं. बोलीचा रंग उतरवला तर उरतं फार थोडं.

मराठीत या विषयाचा पाया भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने १९६३ मध्येच घातला, आणि आजच्या पुस्तकांना लावलेल्या दोन्ही तपासण्यांत ती अजून सगळ्यांच्या पुढे आहे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला आलेला पांडुरंग हॉस्टेलच्या राजकारणात, मेसच्या हिशेबात, गॅदरिंगच्या कामात अडकत जातो. मनाने उदार असलेल्या मुलाच्या अंगावर कारभार येतो तेव्हा पैसे कसे गळतात आणि घरी वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न कसा वाढत जातो, याचं इतकं बारीक चित्रण नंतरच्या कोणत्याही कॉलेज-कादंबरीत नाही. पुढे चांगदेव पाटीलच्या चार कादंबऱ्यांत (‘बिढार’ ते ‘झूल’, १९७५ ते १९७९) नेमाड्यांनी प्राध्यापकाची बाजू मांडली: गावोगावच्या संस्था, संस्थाचालक, पगार, स्टाफरूम. लोकप्रिय इंग्रजी कादंबरीत शिक्षक बहुधा खलनायक किंवा विदूषक असतो. शिक्षकालाही नोकरीची धास्ती असते, त्यालाही कोणी तरी वरून दाबत असतं, हे वाचायचं तर या चारांकडेच यावं लागतं.

सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ (१९८२) पुण्याच्या एस. पी. कॉलेजच्या कट्ट्याची. हिच्यावर प्रेम करणारे वाचक पिढ्यानपिढ्या आहेत, आणि त्याला कारण आहे. कट्टा हीच इथे संस्था आहे. तिचे नियम, तिची निष्ठा, तिची शिक्षा सगळं ठरलेलं. वर्ग, परीक्षा यांना फारसं स्थान नाही, तरी ती पहिल्या तपासणीत पास होते, कारण इतका मोकळा वेळ आणि इतकी निरनिराळ्या घरांतली मुलं एकत्र येणं कॉलेजाबाहेर घडत नाही. फक्त २०१३ चा सिनेमा बघून पुस्तकाबद्दल मत बनवू नये. पुस्तकातला श्रेयस जास्त एकटा आहे.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) जेमतेम एका बैठकीची, आणि रचनेसाठी मुद्दाम वाचण्यासारखी. घरात राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. त्याच घटना दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या वेळी आपल्याला काय दिसलंच नव्हतं हे कळतं. वर ज्या पुस्तकांत मुलीची बाजू गायब आहे असं म्हटलं, ती तशी का अपुरी वाटतात हे अनुजाची पानं वाचली की स्पष्ट होतं. हिचा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटो यांनीच केला आहे.

मुलींच्या बाजूचं दुखणं इथेच सविस्तर सांगायला हवं. या सगळ्या पुस्तकांत मुलींचं हॉस्टेल म्हणजे मुलांनी रात्री चढायची भिंत. आत काय चालतं? गेट ठरलेल्या वेळी बंद होतं, उशीर झाला तर घरी फोन जातो, प्रॅक्टिकल लांबलं की मेस चुकते, ग्रंथालय रात्रभर उघडं असलं तरी ते मुलांसाठीच. २०१५ मध्ये दिल्लीत ‘पिंजरा तोड’ मोहीम याच नियमांविरुद्ध उभी राहिली. मंजू कपूर यांच्या ‘डिफिकल्ट डॉटर्स’ (१९९८) मध्ये १९४० च्या दशकातली वीरमती शिकण्यासाठी लाहोरला जायला घरच्यांशी झगडते. शिक्षण ही परवानगीने मिळणारी गोष्ट असते तेव्हा कथा कशी बनते, हे तिथे दिसतं. आजच्या काळाची, आजच्या गेटची अशी कादंबरी हवी. जातीचंही तसंच. महाराष्ट्रात राखीव जागेवरच्या मुलाच्या प्रवेशाचा सगळा थरार जात वैधता प्रमाणपत्राभोवती असतो: पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधणं, समितीची तारीख, कॉलेजने दिलेली मुदत, आणि शिष्यवृत्ती उशिरा आली की फीसाठी ऑफिसच्या खिडकीवर ऐकावी लागणारी बोलणी. कोणत्याही रहस्यकथेपेक्षा जास्त ताण असलेलं हे कथानक आहे.

आता खरेदीबद्दल थोडं. भगत यांच्यासारख्या खपाच्या लेखकांच्या चोरट्या आवृत्त्या फुटपाथवर आणि सिग्नलला सर्रास मिळतात. घेऊ नयेत. नैतिक कारण तर आहेच, शिवाय पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांनी बांधलेलं असतं आणि चोरट्या बांधणीत फॉर्मा गळतो किंवा दोनदा येतो. म्हणजे गेली तर एक-दोन नाही, सलग सोळा पानं जातात. कुठूनही जुनं पुस्तक घेताना पृष्ठक्रमांक भराभर तपासावेत, छपाई फिकट आणि समास वाकडा असेल तर ठेवून द्यावं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर ‘फाइव्ह पॉइंट समवन’ची अस्सल जुनी प्रत सहज सापडते. ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’ आणि ‘डे स्कॉलर’ दुकानांत क्वचित दिसतात; जुन्या प्रतींच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे शोधावं लागतं. ‘युरी’ नवी आहे, दुकानदाराला सांगितलं तर मागवून देतो.

वाचनाचा क्रम विचाराल तर, अकरावीतल्या मुलाला आधी ‘फाइव्ह पॉइंट समवन’, मग ‘रेव्होल्यूशन २०२०’. पदवीच्या वर्षांत ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘सरस्वती पार्क’, सुट्टीत ‘बनारस टॉकीज’. स्पर्धा परीक्षेकडे वळणाऱ्याला ‘डार्क हॉर्स’. ‘युरी’ आणि ‘कोसला’ लागोपाठ वाचून बघावीत, साधारण विशी ओलांडल्यावर: एक माहीमहून चर्चगेटच्या लोकलने कॉलेजात येणारा, दुसरा खानदेशातून ट्रंक घेऊन पुण्याला उतरलेला. दोघांपैकी कोणालाही डिग्री मिळवण्याची घाई नाही.